बर्लिनचा गोंगाट आणि अडखळणारा वाचक

आमच्या वाचनगटात आम्ही सात जण आहोत. गेल्या वर्षी आल्फ्रेड ड्योब्लिन या जर्मन लेखकाची ‘बर्लिन अलेक्झांडरप्लात्स’ ही कादंबरी वाचायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी उत्साहानं मान डोलावली. दीड महिन्यानं भेटलो तर पुस्तक पूर्ण करून आलेले दोघंच होते. तिघांनी ते पन्नास-साठ पानांवर मिटलं होतं, एकीनं मधली पानं सोडून शेवट गाठला होता आणि एकाला राग आला होता. त्याचा राग साधा होता. तो म्हणाला, “मी एका माणसाची गोष्ट वाचायला बसलोय, हा मला ट्रामचे थांबे काय सांगतोय!”

मला ही तक्रार फार महत्त्वाची वाटते. १९२९ साली हे पुस्तक आलं तेव्हापासून वाचकांच्या ज्या तक्रारी आहेत, त्यांतल्या बऱ्याच या एका वाक्यात येतात. कोण बोलतंय ते कळत नाही. मध्येच हवामानाचा अंदाज येतो, मध्येच बायबल येतं, जाहिरात येते, गाण्याची ओळ येते. नायक आवडावा असा नाही. या तक्रारी खोट्या नाहीत. आणि तरीही हे पुस्तक सोडू नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून ते अवघड नेमकं कुठे आहे आणि तसं का आहे, हे इथे सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. कथानक अवघड नाही. फ्रान्झ बीबरकोप्फ नावाचा माणूस चार वर्षं तुरुंगात काढून १९२७च्या सुमाराला बाहेर येतो. पूर्वी तो सिमेंट आणि सामानवाहतुकीच्या कामावरचा मजूर होता. रागाच्या भरात त्यानं आपल्या मैत्रिणीला, इडाला, मारलं होतं. आता तो शपथ घेतो की यापुढे सरळ वागायचं. टायच्या पिना विकतो, वर्तमानपत्रं विकतो, बुटांच्या नाड्या विकतो. मग त्याला तीन तडाखे बसतात. पहिल्यांदा एक ओळखीचा माणूस त्याला फसवतो. दुसऱ्यांदा राइनहोल्ड नावाचा मित्र त्याला धावत्या मोटारीतून ढकलतो आणि त्याचा हात जातो. तिसऱ्यांदा तोच राइनहोल्ड फ्रान्झच्या मीत्सचा, जिच्यावर त्याचा जीव आहे त्या मुलीचा, खून करतो. फ्रान्झ वेड्यांच्या इस्पितळात पोचतो. बस, एवढंच.

हे सांगून मी तुमची मजा घालवली असं वाटू देऊ नका. खुद्द लेखकानंच ते पहिल्या पानावर सांगून टाकलंय. कादंबरीचे नऊ भाग आहेत आणि पुढे काय होणार ते जवळजवळ प्रत्येक भागाच्या तोंडाशी थोडक्यात येतं. जर्मन जत्रांत पूर्वी बाकावर उभं राहून, रंगवलेल्या फलकावर छडी टेकवत खुनाच्या आणि अपघातांच्या कथा गाणारे गायक असत. ही मांडणी त्यांचीच आहे. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे करून गोष्ट सांगतात, ती डोळ्यांसमोर आणा. ऐकणाऱ्याला पुढचं ठाऊकच असतं. तो बसतो ते ‘कसं’ ऐकायला.

मग अडतं कुठे? दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला. तिथे पुस्तकात चक्क छोटी छोटी चित्रं येतात. बर्लिन महापालिकेच्या खात्यांची चिन्हं आहेत ती: व्यापार, सफाई, आरोग्य, गॅस, अग्निशमन. त्यापाठोपाठ सरकारी सूचना येतात. मग रोझेनथालर चौक येतो आणि ६८ नंबरच्या ट्रामचे थांबे एकामागून एक सुरू होतात. शेवटचा थांबा हेर्त्सबर्गेचं मनोरुग्णालय. फ्रान्झचा पत्ता नाही. आमचा मित्र चिडला तो इथेच.

पण याच पानांवर एक प्रसंग आहे, तो मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवला. ट्रामच्या थांब्यावर चार जण चढतात. दोन वयस्क बायका, एक चिंतेत पडलेला माणूस आणि कान झाकणारी टोपी घातलेला चौदा वर्षांचा मुलगा. मुलाचं नाव माक्स रुस्ट. निवेदक तिथल्या तिथे त्याचं पुढचं सगळं आयुष्य सांगून टाकतो. तो नळजोडणीचा कारागीर होईल, त्याला सात मुलं होतील, बावन्नाव्या वर्षी लॉटरीच्या पाव तिकिटावर बक्षीस लागेल, एका कंपनीशी कोर्टात भांडता भांडता तो पंचावन्नाव्या वर्षी मरेल. त्याच्या निधनाची छापील सूचनासुद्धा दिलेली आहे, अगदी ‘आभारी आहोत’सकट. मग ट्राम निघते. माक्स रुस्ट पुन्हा कादंबरीत येत नाही.

हे दहा-बारा ओळींत होतं. या चौकातून रोज हजारो माणसं जातात आणि त्यांतल्या प्रत्येकाला असंच अख्खं आयुष्य आहे, एवढं त्या ओळींतून कळतं. फ्रान्झ त्यांतलाच एक. लेखकानं उद्या बोट दुसरीकडे ठेवलं असतं तर कादंबरी माक्स रुस्टची झाली असती. हे ऐकून आमचा मित्र जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पुन्हा वाच.”

या पद्धतीला समीक्षक ‘मोंताज’ म्हणतात. शब्द सिनेमातून आलेला आहे: वेगवेगळे तुकडे कापून शेजारी जोडायचे. ड्योब्लिनच्या बाबतीत कापणं आणि चिकटवणं अगदी शब्दशः खरं आहे. जर्मनीतल्या मारबाख इथल्या साहित्य-संग्रहालयात या कादंबरीचं हस्तलिखित आहे आणि त्याच्या पानांवर वर्तमानपत्रांची कात्रणं डिंकानं चिकटवलेली दिसतात. हाताखाली जे शहर पडलं होतं ते त्यानं उचललं आणि वहीत लावलं.

हा माणूस होता डॉक्टर. जन्म १८७८चा, तेव्हाच्या जर्मनीतल्या श्टेटिनचा. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. घर ज्यू. वडील शिंपीकाम करत. १८८८ साली ते दुकानातल्या एका तरुण मुलीबरोबर अमेरिकेला पळून गेले आणि आई पाच मुलांना घेऊन बर्लिनला आली. आल्फ्रेड तेव्हा दहा वर्षांचा होता. मोठा झाल्यावर तो वैद्यकी शिकला, मनोरुग्णांच्या इस्पितळांत नोकरी केली. त्यांतलं एक बर्लिनजवळचं बुख, म्हणजे शेवटी फ्रान्झ जिथे जातो तेच. पुढे त्यानं पूर्व बर्लिनच्या कामगार वस्तीत दवाखाना टाकला. पेशंट विमा योजनेतले: मजूर, बेकार, नशेत बुडालेले, तुरुंग पाहून आलेले. अशा डॉक्टरचं निम्मं काम ऐकणं असतं. पेशंट कधी सरळ सांगत नाही. पोटात दुखतं म्हणता म्हणता घरमालकावर जातो, मग मेलेल्या भावावर, मग एखाद्या गाण्यावर. ही बोलण्याची चाल ड्योब्लिननं जशीच्या तशी कागदावर आणली. त्यामुळे एकाच परिच्छेदात निवेदक बोलतो, न सांगता फ्रान्झच्या मनातलं सुरू होतं, दुकानाची पाटी मध्ये येते आणि पुन्हा निवेदक येतो. कोण बोलतंय हे ठरवायला थांबू नका, पुढे जा. दोन-तीन ओळींत आवाज आपोआप वेगळे होतात.

निदान जर्मनमध्ये तरी होतात. कारण तिथे बोली मदतीला येते. प्रमाण जर्मनमध्ये ‘मी’ म्हणजे ‘इश’, बर्लिनचा माणूस म्हणतो ‘इक’. ‘दास’चं होतं ‘देट’. ‘गूट’ म्हणजे चांगलं, त्याचं होतं ‘यूट’. ‘नाही’, ‘नाय’, ‘न्हाई’ ऐकलं की आपल्याला बोलणारा कुठला, कोणत्या घरातला, याचा अंदाज येतो. तसं त्या एका ‘इक’नं जर्मन वाचकाला कळतं की आता फ्रान्झ बोलला. भाषांतरात हा धागा तुटतो. इंग्रजीत पहिलं भाषांतर १९३१ साली युजीन जोलास यांनी केलं, त्यात त्यांनी अमेरिकन रस्त्यावरची भाषा वापरली. २०१८ साली मायकेल हॉफमन यांचं नवं भाषांतर आलं. आमच्यातल्या ज्या दोघांनी पुस्तक पूर्ण केलं त्यांनी हॉफमन यांचंच वाचलं होतं, आणि इंग्रजीतून वाचणार असाल तर मीही तेच घ्या म्हणेन. ते आजच्या कानाला चालतं.

आता जिथे अनेक वाचक थबकतात, आणि जे मला अख्ख्या कादंबरीत सर्वांत श्रेष्ठ वाटतं, त्या चौथ्या भागाकडे येतो. पहिल्या तडाख्यानंतर फ्रान्झ एका खोलीत दारू पीत पडलेला आहे. आणि लेखक त्याला तिथेच सोडून आपल्याला बर्लिनच्या कत्तलखान्यात नेतो. त्याचं क्षेत्रफळ सांगतो, आजूबाजूचे रस्ते सांगतो. त्या दिवशी बाजारात आलेली जनावरं मोजून सांगतो: १,३९९ गाई-बैल, २,७०० वासरं, ४,६५४ मेंढ्या, १८,८६४ डुकरं. भाव कसे राहिले तेही सांगतो. मग दार उघडतं आणि आपण आत. डुकरं कशी हाकतात, घाव कुठे घालतात, वाफ कशी उठते. शेवटी एक म्हातारा खाटीक एका लहान वासराला बाकावर निजवतो. कुठेही ‘अरेरे’ नाही. आवाज शांत आहे, जवळजवळ प्रेमळ. म्हणून ते वाचवत नाही.

या भागाचं शीर्षक बायबलमधून घेतलंय. माणसाचं होतं ते जनावराचं होतं, तसा हा मरतो तसाच तोही, अशा अर्थाचं ते वचन आहे. पण कत्तलखान्याच्या दोन वर्णनांच्या मध्ये लेखकानं आणखी एक गोष्ट ठेवली आहे, ती घाईत निसटते. बायबलमधला ईयोब सगळं गमावून, अंगभर फोडांनी पोळून पडलेला आहे आणि एक आवाज त्याला विचारतो की तुला सर्वांत जास्त कशाचा त्रास होतो? ईयोबला उत्तर देववत नाही. आवाज म्हणतो, तुला बरं करायला सगळेच तयार आहेत, तूच तयार नाहीस.

माझ्या मते या कादंबरीची किल्ली इथे आहे. फ्रान्झचा दोष दारू नाही, गुन्हेगारी नाही. तो ऐकत नाही, हा त्याचा दोष. मी सरळ आहे, मी दणकट आहे, मला कोणाची गरज नाही, हे तो स्वतःला सतत बजावत राहतो. शहर त्याच्या कानाशी ओरडतंय, माणसं इशारे देतायत, मृत्यू नावाच्या कापणी करणाऱ्याचं जुनं लोकगीत पुन्हा पुन्हा वाजतंय, आणि हा आपल्याच तोऱ्यात. शेवटी इस्पितळात मृत्यू स्वतः त्याच्यासमोर येतो आणि याच गोष्टीवरून त्याला झापतो: तू डोळे कधी उघडलेच नाहीस, नुसता ‘मी दणकट, मी दणकट’ करत राहिलास.

आता आपण वाचक काय करतो ते पाहा. ट्रामचे थांबे आले की पान उलटतो. जनावरांचे आकडे आले की पुढे जातो. हा गोंगाट बंद कर आणि मला फ्रान्झची गोष्ट सांग, असं आपण म्हणतो. फ्रान्झही तेच म्हणतोय: गोंगाट बंद करा, मला माझं बघू द्या. वाचताना आपल्याला जी चिडचिड होते ती पुस्तकाबाहेरची नाही. लेखकानं तिला पुस्तकातच जागा करून ठेवली आहे. हे लक्षात आलं तेव्हा मी पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं आणि या खेपेला एकही थांबा गाळला नाही.

त्या काळच्या वाचकांना हे इतकं जड गेलं नव्हतं, हे मला सांगायलाच हवं. पुस्तक येण्याआधी ते संक्षिप्त रूपात ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’ या दैनिकात क्रमशः छापून येत होतं. १९२९च्या शरदात फिशर प्रकाशनानं ते ग्रंथरूपात काढलं आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत सुमारे ५० हजार प्रती गेल्या. बर्लिनकरांना तो गोंगाट रोजचाच होता. अलेक्झांडरप्लात्स हा चौक तेव्हा भुयारी रेल्वेसाठी उखडलेला होता आणि स्वस्त जेवणाच्या आशिंगर उपाहारगृहासमोर वाफेवर चालणारं खांब ठोकायचं यंत्र खरोखरच ‘रुम्म रुम्म’ करत होतं. कादंबरीत ते यंत्र त्याच आवाजात येतं.

समीक्षकांत मात्र फूट पडली. वाल्टर बेन्यामिन यांनी १९३० साली लिहिलेलं परीक्षण आजही वाचण्यासारखं आहे. लेखक बर्लिनविषयी बोलत नाही, बर्लिनमधून बोलतो, शहर हा त्याचा कर्णा आहे, असं त्यांनी म्हटलं. साम्यवादी लेखकांच्या ‘डी लिंक्सकुर्वे’ या मासिकानं उलट झोडपलं. मजूर वस्तीची कादंबरी, आणि त्यात संघटित, लढणारा कामगार कुठे आहे? तिकडे आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ची नक्कल असाही आरोप झाला. ड्योब्लिननं ती कादंबरी वाचली होती आणि तिच्यावर आदरानं लिहिलंही होतं, पण ती हाती आली तेव्हा आपलं बरंच लिखाण झालेलं होतं, असं त्याचं म्हणणं. मला हा वाद फारसा कामाचा वाटत नाही. दवाखान्यातला कान त्याला जॉइसनं दिलेला नव्हता.

दुसरी एक तक्रार मात्र कामाची आहे आणि आमच्या गटातल्या दोघींनी ती लावून धरली. या कादंबरीत बायकांच्या वाट्याला जे येतं ते भयंकर आहे. तुरुंगातून सुटल्यावर फ्रान्झ थोड्याच दिवसांत मेलेल्या इडाच्या बहिणीच्या घरी जातो आणि तिच्यावर जबरदस्ती करतो. निवेदक हा प्रसंग फ्रान्झला पुन्हा बळ आल्याच्या सुरात सांगतो. राइनहोल्डला दर महिन्याला बाई नकोशी होते आणि ती तो फ्रान्झकडे ढकलतो, जुना कोट द्यावा तशी. लेखक हे दाखवतोय, त्याला ते पटतंय असं नाही, हे उत्तर मी दिलं. पण ते पूर्ण पडत नाही. इडा कशी मेली हे सांगताना लेखक मध्येच न्यूटनचा नियम मांडतो, गणिती सूत्रासकट: मलई फेटायच्या लाकडी फेटणीचा वेग किती, बरगडीवर जोर किती. तिथे मला त्याची चीड दिसते, कारण पोलिसांच्या आणि डॉक्टरांच्या कागदांवर एका बाईचा मृत्यू असाच कोरडा उतरतो. इडाच्या बहिणीच्या प्रसंगात मात्र ती चीड मला सापडत नाही. तिथे वाचकानं थांबून अस्वस्थ व्हावं, लेखकाला वाचवायला जाऊ नये.

पुस्तक कानानं वाचायचं, असं मी सगळ्यांना सांगतो. ड्योब्लिननं स्वतः त्याचं नभोनाट्य केलं होतं, पण १९३०च्या सप्टेंबरमध्ये त्याचं प्रसारण ऐनवेळी रद्द झालं. पुढे १९८० साली रायनर वेर्नर फास्बिंडर यांनी १४ भागांची, पंधरा तासांहून मोठी दूरदर्शन मालिका केली, तेव्हा प्रेक्षकांची पहिली तक्रार होती की पडद्यावर काही दिसतच नाही, सगळा काळोख. पुस्तकाच्या नशिबी ‘ऐकू फार येतं’ आणि मालिकेच्या नशिबी ‘दिसतच नाही’! सुरुवात करायची असेल तर एका बैठकीत पंचवीस पानांहून जास्त वाचू नका, मोठ्यानं वाचा आणि जमलं तर दोघांत वाटून वाचा. आम्ही आता तसंच करतोय. रागावलेला मित्र ट्रामचे थांबे स्वतःकडे घेतो.

पहिल्या पानावर फ्रान्झ टेगेलच्या तुरुंगाच्या दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभा असतो. काल इतर कैद्यांबरोबर शेतात बटाटे काढत होता, आज अंगात पिवळा उन्हाळी कोट आहे. ट्राम येतात नि जातात आणि त्याला चढवत नाही. शिक्षा आता सुरू होतेय, असं लेखक तिथे म्हणतो. शेवटच्या पानांत तोच माणूस एका कारखान्याच्या दारावर मदतनीस द्वारपाल आहे. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, ते बघणं हेच त्याचं काम. रस्त्यावरून ढोल वाजवत लोक संचलन करत जातात आणि फ्रान्झ आता लगेच त्यांच्यात धावत नाही, आधी नीट बघतो. हा शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो, असं अनेकांचं मत आहे आणि मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मग तारखा पाहिल्या. जर्मन संसदेच्या इमारतीला आग लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९३३ला, ड्योब्लिननं देश सोडला. १० मेच्या रात्री नाझींच्या पुस्तकदहनात त्याची पुस्तकं बर्लिनच्या ऑपेरा चौकात जाळली गेली. तो चौक अलेक्झांडरप्लात्सपासून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे.